व्हरमाँटला राहायला येताय? गावकी, कर, बंदुका आणि बाहेरून आलेल्या माणसाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी सोडून आम्हाला नऊ वर्षं झाली. नवऱ्याची नोकरी कनेटिकट नदीपलीकडे, न्यू हॅम्पशायरमधल्या रुग्णालयात. घर मात्र अलीकडे, व्हरमाँटमधल्या जेमतेम बाराशे वस्तीच्या गावात. इकडे बदली झालेल्या, नाहीतर घरून काम करता येतं म्हणून डोंगरात यायचा विचार करणाऱ्या मराठी कुटुंबांचे फोन येत राहतात. थंडी किती, इंटरनेट येतं का, हे पाच मिनिटांत बोलून होतं. मग आवाज जरा खाली येतो. "लोक कसे आहेत गं? आपल्याला सामावून घेतील ना?" खालची उत्तरं त्या दुसऱ्या प्रश्नाची आहेत.

व्हरमाँट खरंच इतकं ग्रामीण आहे का?

हो. २०२० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ६,४३,०७७ भरली. महाराष्ट्रातल्या दोन विधानसभा मतदारसंघांत मावेल एवढी माणसं आख्ख्या राज्यात आहेत, आणि त्यातली जवळपास दोन तृतीयांश ग्रामीण भागात राहतात. या हिशेबात अमेरिकेतलं सगळ्यात ग्रामीण राज्य हेच. राजधानी माँटपेलियरची वस्ती आठ हजारांच्या आसपास. सर्वांत मोठं शहर बर्लिंग्टन, तिथे पंचेचाळीस हजार.

राजकारण समजायला या आकड्यांपासूनच सुरुवात करावी लागते. राज्याच्या कनिष्ठ सभागृहात १५० जागा आहेत, म्हणजे साधारण सव्वाचार हजार माणसांमागे एक आमदार. तो पूर्णवेळ राजकारणी नसतो. अधिवेशन जानेवारीत सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडावर संपतं. उरलेलं वर्ष तो शेती करतो, शाळेत शिकवतो किंवा सुतारकाम करतो. तुम्ही दूध आणायला दुकानात गेलात तर तो तिथेच उभा असतो. त्याच्यावर रागावणारा माणूसही तिथेच, त्याच रांगेत. इथले लोक मोजून-मापून बोलतात त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं: भांडून जायचं कुठे?

'फ्लॅटलँडर' म्हणजे काय? ही शिवी आहे का?

फ्लॅटलँडर म्हणजे सपाटीवरचा, डोंगराबाहेरून आलेला. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स इथून आलेला प्रत्येक जण फ्लॅटलँडर. पिढीजात इथले असलेले स्वतःला कधी 'वुडचक' म्हणवून घेतात. पण तो शब्द त्यांनी त्यांच्यापुरता वापरायचा, आपण नाही.

शिवी आहे की नाही, हे बोलणाऱ्यावर आणि प्रसंगावर ठरतं. आमच्या शेजारचे दूधवाले शेतकरी आजोबा मला तोंडावर फ्लॅटलँडर म्हणतात आणि वर अंडीही देतात. तोच शब्द कराच्या चर्चेत कोणी दात आवळून म्हणाला, तर त्यात खरा राग असतो. इथे एक जुनी म्हण आहे: मांजरीने भट्टीत पिल्लं घातली म्हणून त्यांचे काही पाव होत नाहीत. म्हणजे तुमची मुलं इथे जन्मली तरी ती 'इथली' होतीलच असं नाही.

आपल्याकडचा 'उपरा' शब्द मनात येतो, पण त्याची धार इथे नाही. बर्नी सँडर्स ब्रुकलिनमध्ये जन्मले आणि त्यांचे उच्चार अजूनही तिथलेच आहेत. १९८१ मध्ये ते अवघ्या दहा मतांनी बर्लिंग्टनचे महापौर झाले आणि पुढे याच राज्याने त्यांना सिनेटमध्ये धाडलं. माजी गव्हर्नर (म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा निवडून आलेला प्रमुख) हॉवर्ड डीनही मूळचे न्यू यॉर्कचे. फ्लॅटलँडरला इथे निवडून यायला बंदी नाही. आल्या आल्या शिकवायला लागलेला माणूस मात्र कोणालाच नको असतो. "आमच्याकडे न्यू जर्सीत असं करतात" हे वाक्य पहिली पाच वर्षं तोंडातून काढू नका, असं मी प्रत्येकाला सांगते.

हे राज्य डावं आहे की उजवं?

बाहेरून अगदी निळं, म्हणजे डावीकडे झुकलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं दिसतं. १९९२ पासून राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत व्हरमाँटने डेमोक्रॅटिक उमेदवार निवडला आहे. पण त्याआधीचा इतिहास ऐकला की माणूस चकित होतो. १८५६ पासून १९८८ पर्यंत, १९६४ चा एक अपवाद सोडला तर, हे राज्य न चुकता रिपब्लिकन, म्हणजे आजच्या उजव्या पक्षाच्या मागे उभं राहिलं. १९३६ मध्ये रूझवेल्टची देशभर लाट होती. तेव्हा त्यांच्या विरोधात गेलेली राज्यं दोनच, मेन आणि व्हरमाँट.

मग पालटलं कसं? एक म्हणजे माणसं बदलली. १९६० आणि ७० च्या दशकांत महामार्ग झाले आणि शहर सोडून शेती करायला निघालेली तरुण मुलं-मुली हजारोंनी इथे आली. दुसरं, रिपब्लिकन पक्षच दक्षिणेतल्या राज्यांच्या कलाने जाऊ लागला आणि इथल्या जुन्या मवाळ रिपब्लिकनांना तो आपला वाटेना. जाहिरातींच्या मोठ्या फलकांवर बंदी १९६८ मध्ये आली, आणि बेबंद बांधकामाला आवर घालणारा 'ॲक्ट २५०' हा कायदा १९७० मध्ये. त्यावर सही करणारे गव्हर्नर डीन डेव्हिस रिपब्लिकन होते. त्यांना डोंगर वाचवायचे होते. निसर्ग राखणं हा तेव्हा कोणा एका पक्षाचा झेंडा नव्हता, आणि गावपातळीवर आजही नाही.

आताचे गव्हर्नर फिल स्कॉट रिपब्लिकनच. २०१६ पासून दर दोन वर्षांनी ते निवडून येत आहेत, कारण इथे गव्हर्नरची मुदत दोनच वर्षांची आहे. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांना ६० टक्क्यांहून अधिक मतं देणाऱ्या याच मतदारांनी त्याच दिवशी स्कॉट यांना ७३ टक्क्यांच्या आसपास मतं दिली. स्कॉट पूर्वी बांधकाम व्यवसायात होते, आणि बॅरी गावच्या ट्रॅकवर मोटारींच्या शर्यतीत स्वतः उतरत आले आहेत. २०२० मध्ये आपण बायडन यांना मत दिलं, हे त्यांनी उघडपणे सांगितलं. यात इथल्या कोणाला विसंगती दिसत नाही. माणूस ओळखीचा आहे, पैसा जपून वापरतो, शब्द पाळतो. पक्षाचं नंतर बघू.

तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीमागे कोणता स्टिकर आहे यावरून माणूस ठरवू नका. ट्रम्पच्या नावाचा झेंडा लावलेल्या घराने आमच्या दारातला बर्फ काढला आहे, आणि दारात प्रेमाच्या, समतेच्या पाट्या लावलेल्या घराने चार वर्षांत नावही विचारलं नाही. याच्या उलटही घडतं. नियम यातून काढता येत नाही.

म्हणजे गावात राजकीय तेढ नाहीच?

आहे, आणि खोल आहे. २००० साली व्हरमाँटने समलिंगी जोडप्यांना 'सिव्हिल युनियन'चा कायदेशीर दर्जा दिला, देशात सर्वांत आधी. त्यानंतर कोठारांच्या भिंतींवर 'टेक बॅक व्हरमाँट' अशा पाट्या लागल्या. 'आमचं राज्य आम्हाला परत द्या' हा त्यांचा अर्थ. कायद्याच्या बाजूने मत दिलेल्या कित्येक आमदारांच्या जागा त्या निवडणुकीत गेल्या. पाट्यांमागे विवाहाचा प्रश्न होताच, पण त्याच्याखाली आणखी काही साठलेलं होतं: बाहेरचे आले, जमिनी महाग झाल्या, शेतं गेली, आणि आता आमच्या राज्याचं मनही तेच ठरवतात. २००९ मध्ये विधिमंडळानेच विवाहाचा पूर्ण हक्क दिला. पाट्या उतरल्या, तरी ते साठलेलं सगळं ओसरलं असं मला वाटत नाही.

१९४० च्या दशकात इथे अकरा हजारांच्या वर दुग्धशेतं होती. आज पाचशेच्या आसपास उरली आहेत. उसाचा किंवा दुधाचा भाव पडला की घरात काय होतं, हे ज्यांनी गावाकडे पाहिलंय त्यांना हा आकडा वेगळ्याने समजावायला नको. ज्या जुन्या कोठाराचे फोटो आपण कौतुकाने काढतो, ते बहुतेक वेळा कोणाच्या तरी मोडलेल्या संसाराचं असतं.

टाउन मीटिंग म्हणजे आपली ग्रामसभाच ना?

माझे वडील सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक होते. कोरम न भरल्याने तहकूब झालेल्या ग्रामसभा, घरोघरी फिरवून सह्या घेतलेली रजिस्टरं, सरपंचांच्या घरी आधीच ठरलेले ठराव, हे सगळं मी लहानपणी बघितलं आहे. म्हणून मार्चच्या पहिल्या मंगळवारी शाळेच्या जिममध्ये लोखंडी खुर्च्यांवर दोनशे माणसं बसलेली पाहिली तेव्हा मला भरून आलं होतं. वडिलांना हे दाखवायला हवं होतं.

त्या दिवशी राज्यात सुट्टी असते. गावचं वर्षभराचं अंदाजपत्रक आणि अहवाल आधी छापून घरोघरी येतो: कोणाचा कर थकला आहे, रस्त्यावर किती मीठ आणि किती खडी पडली, अग्निशमन दलाची गाडी किती वेळा निघाली, सगळं त्यात. गावाचा कारभार तीन किंवा पाच निवडून आलेल्या माणसांचं 'सिलेक्टबोर्ड' बघतं. पण सभेत खुर्ची त्यांची नसते. सभा चालवायला वेगळा 'मॉडरेटर' निवडतात. तो दोन्ही बाजूंना बोलू देतो, विषय भरकटला की आवरतो आणि मग मत घेतो. आधी आवाजी, शंका आली तर हात वर करून किंवा उभं राहून, आणि सात मतदारांनी मागणी केली तर चिठ्ठीवर.

एका वर्षी रस्ता सपाट करायच्या ग्रेडर यंत्रावर आमच्या गावात दीड तास चर्चा झाली. नवं घ्यावं की जुन्याचं इंजिन बांधून घ्यावं? एक बाई उठून म्हणाल्या, "माझ्या घरापुढच्या चढावर गेल्या एप्रिलमध्ये रुग्णवाहिका अडकली होती." पुढे त्या एक शब्द बोलल्या नाहीत. यंत्र मंजूर झालं.

सभेला मोठ्या विषयांचंही वावडं नाही. मार्च १९८२ मध्ये व्हरमाँटच्या दीडशेहून अधिक गावांनी अण्वस्त्रस्पर्धा थांबवा असा ठराव केला होता. २००४ मध्ये किलिंग्टन या स्कीइंगच्या गावाने करांना वैतागून व्हरमाँट सोडून न्यू हॅम्पशायरला जोडून घ्यायचा ठराव याच सभेत केला. तो प्रत्यक्षात काही आला नाही.

एक मात्र खरं सांगायला हवं. ही पद्धत आता सगळीकडे पूर्वीसारखी राहिलेली नाही. अनेक गावांनी अंदाजपत्रकाचं मतदान छापील मतपत्रिकेवर नेलं आहे. त्यामुळे कामावर जाणाऱ्यांची, लहान मुलांच्या आयांची आणि म्हाताऱ्यांची सोय झाली, पण समोरासमोरची चर्चा उणावली. गावागावात यावर दोन तट आहेत. मी चर्चेच्या बाजूची आहे, आणि रात्रपाळी करून आलेल्या नर्सचं म्हणणंही मला पटतं.

ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असताना सभेत जाता येतं का? मत देता येतं का?

सभेला कोणीही जाऊन बसू शकतं. मत फक्त नोंदणीकृत मतदारांना, आणि मतदार नसलेल्याला बोलायचं असेल तर सभेची परवानगी लागते. आम्ही पहिली काही वर्षं मागच्या रांगेत बसून फक्त ऐकलं. त्याचा फार उपयोग झाला.

तीन शहरं याला अपवाद आहेत. माँटपेलियर आणि विनूस्की यांनी २०२१ मध्ये, आणि बर्लिंग्टनने २०२३ मध्ये, कायदेशीर वास्तव्य असलेल्या पण नागरिक नसलेल्या रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मत द्यायचा हक्क दिला. तिन्ही वेळा विधिमंडळाला गव्हर्नर स्कॉट यांचा नकाराधिकार ओलांडावा लागला. हा हक्क त्या शहराच्या कारभारापुरता आहे; राज्याच्या आणि देशाच्या निवडणुकीत तो चालत नाही. तुमच्या प्रकारच्या व्हिसाला तो लागू होतो का, हे टाउन क्लार्ककडे (गावाचं दफ्तर आणि मतदार यादी सांभाळणारा अधिकारी) आणि तुमच्या वकिलाकडे आधी विचारा.

वाहन परवाना काढताना इथे मतदार नोंदणी आपोआप होण्याची व्यवस्था आहे. नागरिक नसाल तर त्या अर्जातला नागरिकत्वाचा प्रश्न डोळ्यांत तेल घालून वाचा. चुकीची खूण झाली तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ती फार महागात पडू शकते.

आणि नागरिक झालात की इथली एक खास गोष्ट अनुभवाल. व्हरमाँटमध्ये मतदार होताना शपथ घ्यावी लागते: राज्याचं ज्यात अधिक भलं आहे असं माझ्या सद्सद्विवेकबुद्धीला वाटेल त्यालाच, कोणाची भीती किंवा भीड न बाळगता, मी मत देईन. मी ती आमच्या टाउन क्लार्कबाईंसमोर उभी राहून घेतली. तसं करायची सक्ती नव्हती, अर्जावर सही चालली असती. मला उभं राहूनच घ्यायची होती.

मालमत्ता करावरून एवढं का पेटतं?

कारण शाळा त्याच्यावर चालतात. १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गाव श्रीमंत की गरीब यावर मुलांचं शिक्षण ठरता कामा नये. त्यातून 'ॲक्ट ६०' आला. आता शिक्षणाचा कर राज्यभरातून एका निधीत जमतो आणि तिथून शाळांना पैसा जातो. तत्त्व मला मनापासून पटतं. पण स्कीइंगच्या श्रीमंत गावांना वाटतं, आपला पैसा दुसरीकडे चालला. आणि छोट्या गावांना वाटतं, आपल्या शाळेच्या खर्चावर मत आपण देतो, पण कर मात्र दुसऱ्या गावांच्या खर्चानेही वाढतो. दोघांचंही म्हणणं काही अंशी बरोबर आहे.

२०२४ मध्ये हा कर सरासरी १३ टक्क्यांहून जास्त वाढला. मार्चमध्ये राज्यातल्या जवळपास एक तृतीयांश शाळांची अंदाजपत्रकं मतदारांनी पहिल्या फेरीत फेटाळली, आणि नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला विधिमंडळातलं नकाराधिकार ओलांडण्याइतकं बहुमत गमवावं लागलं. २०२५ मध्ये शालेय जिल्ह्यांचं मोठं एकत्रीकरण करायचा कायदा झाला. आता धास्ती आहे ती छोट्या शाळा बंद पडण्याची. पटसंख्येचं कारण देऊन वाडीवरची शाळा बंद होते तेव्हा तिथे काय होतं, हे महाराष्ट्रात पाहिलेल्या माणसाला ही धास्ती लगेच कळेल. शाळा गेली की तरुण जोडपी गावात येत नाहीत, आणि मग दुकानही टिकत नाही.

शहरातून मुलांसह येणाऱ्या आपल्यासारख्यांकडे लोक म्हणूनच दोन मनांनी बघतात. पटावर दोन नावं वाढली, याचा आनंद खरा असतो. पण याच लोकांमुळे घरांच्या किमती चढल्या आणि कर वाढला, हेही त्यांच्या मनात असतं.

कामाची गोष्ट: स्वतः राहत असलेल्या घरासाठी 'होमस्टेड डिक्लरेशन' दरवर्षी, एप्रिलमधल्या आयकराच्या मुदतीपर्यंत भरावं लागतं. एकदा भरून भागत नाही. आम्ही दुसऱ्या वर्षी विसरलो आणि दंड भरला. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर करात सूटही मिळते. तिचा अर्ज त्याच्यासोबतच असतो.

जमीन घेतली. 'आत येऊ नये' अशा पाट्या लावू का?

लगेच नको. नवखा माणूस ज्या चुकीने सगळ्यांत लवकर नावडता होतो, ती ही.

व्हरमाँटच्या राज्यघटनेतच लोकांना कुंपण नसलेल्या जमिनीवर शिकार करायचं स्वातंत्र्य दिलेलं आहे. ते अठराव्या शतकापासून चालत आलंय. तुमच्या मागच्या रानातून कोणाचे आजोबा, वडील आणि आता तो स्वतः दर नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीला जातो. हिवाळ्यात स्नोमोबाइलच्या वाटाही बहुतेक खासगी जमिनींतूनच जातात, मालकांच्या परवानगीने. आपल्याकडे वहिवाटीची पाणंद कोणी नांगरून टाकली की गावात जे होतं, तेच इथे पाटी ठोकल्यावर होतं. फक्त इथे कोणी आवाज चढवत नाही. बोलणं बंद होतं.

शिकारीला मनाई करायचा हक्क कायद्याने तुम्हाला आहेच. त्यासाठी जमिनीच्या प्रत्येक कोपऱ्यावर आणि ४०० फुटांपेक्षा जास्त अंतर न सोडता पाट्या लावायच्या, त्यांवर दरवर्षी नवी तारीख घालायची आणि टाउन क्लार्ककडे पाच डॉलर भरून दरवर्षी नोंद करायची. आम्ही पहिल्याच महिन्यात, मुलं लहान म्हणून, दुकानातून पाट्या आणून ठोकल्या. आठवड्याने शेजारचे आजोबा आले, कुंपणाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मी इथून एकसष्ट वर्षं जातो आहे." माझी मान खाली गेली. आता घराभोवतीचा तुकडा सोडून बाकी रान मोकळं आहे. जाणारे आधी फोन करतात, आणि डिसेंबरात कोणीतरी हरणाचं मांस आणून द्यायचं. आम्ही शाकाहारी आहोत हे समजल्यापासून मेपल सिरपची बाटली येते.

बंदुकांची भीती वाटते. काय करावं?

मलाही वाटायची. बंदूक बाळगायला इथे परवाना लागत नाही, कधीच लागत नव्हता. २०१८ मध्ये फेअर हेवनच्या शाळेत गोळीबाराचा कट उघडकीला आला. त्यानंतर गव्हर्नर स्कॉट यांनी विधिमंडळाच्या पायऱ्यांवर, त्यांच्याच मतदारांच्या आरडाओरड्यात, बंदूक नियंत्रणाच्या कायद्यांवर सह्या केल्या. २०२३ पासून खरेदीनंतर ७२ तास थांबावं लागतं.

बहुतेक घरांत बंदूक शिकारीसाठी असते. नोव्हेंबरात रायफलने शिकार करायचे सोळा दिवस असतात. त्या दिवसांत रानात जाताना अंगावर भडक नारिंगी जाकीट हवंच, कुत्र्यालाही. मुलं कोणाच्या घरी खेळायला जाणार असतील तर बंदुका कुलुपात आहेत का, हे सरळ विचारा. इथे कोणाला त्याचा राग येत नाही.

आपल्या रंगामुळे त्रास होईल का?

या प्रश्नाला गोड उत्तर द्यायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

राज्यातली दहातली नऊ माणसं गोरी आहेत. दुकानात, शाळेच्या कार्यक्रमात, दवाखान्यात तुम्ही एकटेच वेगळे असाल, आणि रोज असाल. बहुतेक वेळा त्याचा अर्थ फक्त एवढाच की तुम्ही सगळ्यांच्या लक्षात राहता. पण नेहमी तसं नसतं. बेनिंग्टनच्या आमदार किआ मॉरिस या सभागृहातल्या एकमेव कृष्णवर्णीय स्त्री होत्या. वर्णद्वेषी छळ आणि धमक्या यांना तोंड देता देता २०१८ मध्ये त्यांनी पद सोडलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये बर्लिंग्टनमध्ये तीन पॅलेस्टिनी वंशाच्या विद्यार्थ्यांवर रस्त्यात गोळ्या झाडल्या गेल्या. १७७७ च्या घटनेत प्रौढांच्या गुलामगिरीला मनाई करणारं हे राज्य, आणि १९३१ मध्ये, 'वंश सुधारायचा' म्हणून, नसबंदीचा कायदा करणारंही हेच. त्या कायद्याबद्दल आणि त्यामागच्या मोहिमेबद्दल विधिमंडळाने २०२१ मध्ये माफी मागितली.

आमच्या वाट्याला काय आलं? एका पेट्रोल पंपावर "परत जा" असं ऐकलं, एकदा. मुलीला शाळेत तिच्या डब्याच्या वासावरून वर्षभर चिडवलं. मी शिक्षिकेशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यावर काही केलं नाही. मग मुख्याध्यापकांकडे लेखी दिलं तेव्हा फरक पडला. तोंडी सांगून थांबू नका, लिहून द्या.

याहून जास्त वेळा भेटते ती एक अवघडलेली, अति काळजीची गोडी. समोरच्याला चुकायची भीती असते, म्हणून तो तुमच्याशी हवामानापलीकडे बोलतच नाही. एकटेपण यातून येतं. त्यावर मला एकच गोष्ट लागू पडली: एकत्र काम. मेच्या पहिल्या शनिवारी 'ग्रीन अप डे' असतो. १९७० पासून त्या दिवशी अख्खं राज्य रस्त्याकडेचा कचरा उचलतं. चिखलात बाटल्या वेचताना माणसं आपोआप बोलायला लागतात.

नागरिक नसाल तर ग्रीन कार्ड किंवा तुमची कागदपत्रं कायम जवळ ठेवा. कायद्याने ते बंधनकारक आहेच. शिवाय कॅनडाची सीमा जवळ असल्याने सीमा पोलिसांचा वावर इथे जास्त आहे. दुग्धशेतांवर राबणारे मेक्सिकन मजूर याच धास्तीत जगतात, आणि राज्याचं दूध त्यांच्या हातांवर निघतं.

घर मिळणं इतकं अवघड का? यात आमचा दोष आहे का?

'ॲक्ट २५०'ने मोठ्या बांधकामाला दहा निकष लावले, म्हणून डोंगर हिरवे राहिले. पण घरं बांधणं महाग आणि वेळखाऊही झालं. त्यात बाहेरच्यांनी सुट्टीपुरती घेतलेली घरं वर्षातले बरेच महिने बंद असतात. दुसरीकडे २०१८ मध्ये राज्यानेच कायदा करून, इथे येऊन घरून काम करणाऱ्यांना दहा हजार डॉलरपर्यंत मदत देऊ केली. कोविडनंतर शहरातून लोक रोख पैसे घेऊन आले आणि इथल्या शिक्षिकेच्या, सुताराच्या हातातली घरं गेली. कोकणात, गोव्यात बाहेरचा पैसा शिरला की स्थानिक मुलाला स्वतःच्याच गावात घर परवडत नाही. इथलं दुखणं तेच आहे. २०२४ मध्ये गावठाणांच्या आत घरं बांधणं सोपं करायला कायद्यात बदल झाले.

तुमचा दोष नाही. पण बोली लावताना किती वर चढायचं, घर बंद ठेवायचं की भाड्याने द्यायचं, हे तुमच्या हातात आहे, आणि गाव ते बघत असतं.

शेजारी सहा महिन्यांत एकदाही घरी आले नाहीत. आमच्यावर नाराज आहेत का?

बहुधा नाहीत. इथे न सांगता कोणाकडे जात नाहीत, आणि शांत राहणं हा सभ्यपणा समजतात. रस्त्यावर समोरून येणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, तोच नमस्कार. तुम्हीही उचला.

नातं जुळतं ते मार्च-एप्रिलच्या 'मड सीझन'मध्ये. राज्यातले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे आहेत. बर्फ वितळला की त्यांचा लगदा होतो. आमची गाडी पहिल्या वर्षी दारापर्यंत रुतली होती. अनोळखी माणूस ट्रॅक्टर घेऊन आला, साखळी लावली, गाडी ओढली, आणि मी पैसे पुढे केले तेव्हा त्याचा चेहराच उतरला. नंतर शेजारच्या बाईंनी समजावलं: पैसे दिलेस म्हणजे हिशेब संपवलास. दुसऱ्या दिवशी मी रव्याचे लाडू घेऊन गेले. तो हिशेब अजून चालू आहे.

किराणा, सणवार, मराठी माणसं?

थोडी. बर्लिंग्टन आणि विनूस्कीत २००८ पासून भूतानमधून हाकलली गेलेली नेपाळीभाषक कुटुंबं वसली आहेत. त्यांच्या दुकानांत डाळी, कणीक, मसाले मिळतात. दसऱ्याच्या सुमारास त्यांचं दशैं असतं. गणपतीला आम्ही पाच-सहा मराठी घरं, कोणी नव्वद मैलांवरून, एकत्र येतो.

पहिल्या टाउन मीटिंगला जाताना काय लक्षात ठेवू?

घरी आलेला छापील अहवाल वाचून आणि सोबत घेऊन जा. लोक पान क्रमांक सांगून बोलतात. दुपारचं जेवण बहुतेक गावांत पंगतीसारखं, प्रत्येकाने काहीतरी आणून होतं. मी कमी तिखटाचा मसालेभात नेते, भांड्यावर काजू असल्याची चिठ्ठी लावून. मुलांना न्या, बायका स्वेटर विणत बसतात, कोणी बाळाला पाजत असतं, चालतं. ठरावाचा मजकूर कळला नाही तर मॉडरेटरला पुन्हा वाचायला सांगा. शेजारी बसलेल्या चार जणांनाही तो कळलेला नसतो. आणि सभा संपल्यावर लगेच गाडीकडे पळू नका. दोनशे खुर्च्या दुमडून भिंतीला लावायच्या असतात, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जिममध्ये मुलांचा खेळाचा तास असतो.